माझ्या हातचा कोरा नमुना

३ मार्च, सोमवार
नवी वही, नवी नोकरी! कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीने आले, सामान खोलीवर टाकलं आणि थेट सात रस्ता चौक गाठला. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली चष्म्याचं दुकान. काम एकच: शेवाळापासून केलेल्या पौष्टिक गोळ्यांत प्लास्टिकमधलं रसायन उतरलंय का, ते तपासायचं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घालतात. शेवाळाच्या हौदांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, आणि आपल्याकडच्या उन्हात ते द्रव्य सुटून पाण्यात येतं. मालक यज्ञेश्वर सर पेढे घेऊन दारातच उभे होते. भांडी धुणाऱ्या केराबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि जेवून आलीस का म्हणून विचारलं. एकूण झकास.

सरांची एक रीत फार आवडली. सकाळी दहाला सगळ्यांच्या तळहातावर दोन हिरव्या गोळ्या ठेवतात, तीर्थ दिल्यासारख्या, आणि समोरच गिळायला लावतात. गोळ्या त्यांच्या मेव्हण्याच्या कारखान्यातल्या. आपण तपासतो ते खायची आपली तयारी हवी, असं त्यांचं म्हणणं. चव डबक्याच्या पाण्यासारखी.

१० मार्च, सोमवार
काम समजलं. गोळीची पूड द्रावणात भिजवून यंत्रात घालायची. ते रसायन असेल तर पडद्यावर रेघ उंच उठते. सोबत एक कोरा नमुना करायचा: नुसतं द्रावण, गोळी नाही. भांड्यांतून, हवेतून काही आलं असेल तर ते त्यात दिसतं, आणि गोळीच्या आकड्यातून तेवढं वजा होतं. नियम कडक आहे. दोन्ही नमुने एकाच माणसाच्या हातचे हवेत, आणि हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोज्यांतूनही प्लास्टिकचे अंश उतरतात. मला महिनाभर सही मात्र करायची नाही. सर म्हणाले, हात तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच.

७ एप्रिल, सोमवार
हात तयार झाला म्हणे! मेव्हण्यांच्या गोळ्यांचा पहिला अहवाल: वजाबाकी होऊन शून्य. खाली माझी सही, आणि ती आता प्रत्येक डब्यावर छापणार. आई-दादांना फोनवरून ऐकवून झालं.

१३ एप्रिल, रविवार, वैराग
दुर्गाचं डोहाळजेवण. माझी धाकटी बहीण. आधीची दोन पोटातच गेली, म्हणून या खेपेला सगळं घर तिला फुलासारखं जपतंय. ओटीत नारळ, तांदूळ, खण. वर मी गोळ्यांचे तीन डबे ठेवले. ओटीत औषधं कुठं घालतात म्हणून तिच्या सासूबाई कुरकुरल्या. मी डब्यावरची माझी सही दाखवली. दुर्गाने सगळ्यांसमोर पहिली गोळी घेतली. काय मिरवलंय मी आज!

१२ मे, सोमवार
यंत्र परस्पर वजाबाकी करतं, म्हणून कोऱ्या नमुन्याचा आकडा मी कधी उघडून पाहिलाच नव्हता. आज पाहिला. त्याची रेघ गोळीच्या रेघेसारखीच पार पडद्याच्या माथ्याला टेकलीय. नुसत्या द्रावणात! मग शून्य येणारच की, मूर्ख बाई. भांडी पुन्हा तापवून घेतली, द्रावणाची नवी बाटली फोडली. रेघ तेवढीच. सर म्हणाले, उन्हाळ्यात हवाच खराब असते. इतक्या शिकलेल्या माणसाने तोंडावर असं खोटं बोलावं! डोकं नुसतं भणभणतंय.

१४ मे, बुधवार
केराबाई सकाळच्या गोळ्या गिळतच नाहीत. हळूच पदरात थुंकतात. सर जेवायला गेल्यावर कोरा नमुना त्यांच्या हातून करवून घेतला. तीच भांडी, तेच द्रावण, तीच हवा. रेघ सपाट. लगेच माझ्या हातचा केला. रेघ उंच.

म्हणजे ते माझ्यातून येतंय.

म्हणून महिनाभर थांबायचं. म्हणून समोर गिळायचं. आम्हाला चारून चारून आमचे हात नासवायचे, आणि मेव्हण्याचं विष आमच्या हातच्या विषातून वजा करून टाकायचं! हरामखोर. आणि या रीतीचं कौतुक मी याच वहीत लिहून ठेवलंय.

केराबाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "तुज्या आदी रेश्मा हुती की हितं. काच लागली तिला, लई खोल. रगतच न्हाय आलं. मनगट दाबलं की खळगा पडायचा, भरूनच यायचा न्हाय." गेल्या मे महिन्यात रेश्मा भर दुपारी उन्हात बाहेर पडली, ती परत आली नाही.

१६ मे, शुक्रवार
मनगट दाबून पाहिलं. खळगा पडला. अर्धा तास झाला, तसाच आहे.

दुर्गाचा फोन सासूबाईंनी उचलला. गोळ्या अगदी न चुकता घेते म्हणाल्या, डब्यावर तुमची सही आहे ना. फेकून द्या म्हणून मी ओरडले. त्या म्हणाल्या, ओटीतलं टाकायचं नसतं. ओटीत मीच घातलं — मीच.

१९ मे, सोमवार
गोळीचा आणि कोरा, दोन्ही नमुने केराबाईंच्या हातचे लावून खरा अहवाल काढला. शून्य कुठलं — रेघ पडद्याबाहेर. सरांच्या टेबलावर आपटला. चिडलेसुद्धा नाहीत. माझं मनगट धरलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि म्हणाले की हात आता उत्तम तयार झालाय.

हिसका देऊन सोडवला. त्यांच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे. एकूण एक रेघ दिसते.

२० मे, दुपार
वैरागच्या एस.टी.त. खिडकीची दांडी तापलेली — बोटं चिकटली. ओढून काढली तर कातडीची तार निघाली. दुखलं नाही. रागाने रडायला येतंय, पण डोळ्यांतून तेलकट काहीतरी —

डबे मी फेकणार. सही माझी, फेकणारही मीच. मग ओटी बाटली तरी —

वैराग. डबे उकिरड्यावर टाकले. दुर्गा खाटेवर आहे. हसली. म्हणाली, ताई, गंमत बघ, बाळाने परवा लाथ मारली की हात लावला, कळत नाही — आणि पदर सारला —

पोटावर इवला पंजा. आतून उठलेला. पाची बोटं मोजता येतात. परवापासून तो परत आत गेलाच ना—