पाचव्या सर्व्हरची तत्परता

४ मे, सकाळी ९.१०
आजपासून राग बंद. माणसांवर नाही, मशीनवरही नाही. देवापुढे हात जोडून ठरवलं. साहेबांनी काल बजावलं आहे, सुट्ट्यांच्या गर्दीत आरक्षणाच्या तिकीटखिडक्या या महिन्यात एकदा जरी बंद पडल्या, तर तुम्हाला सर्व्हर रूममधून उचलून खिडकीवर बसवीन. खिडकी म्हणजे जाळी, घाम आणि शिव्या. माझा मेहुणा तीन नंबरवर असतो. गेल्या वर्षी एकाने जाळीतून छत्री खुपसली. गालावर खूण आहे.
घाबरण्याचं कारण नाही. पाच सर्व्हर आहेत आणि मी आहे.

४ मे, दुपारी
नवी योजना लागू. आतापर्यंत लोड बॅलन्सर तिकिटांच्या मागण्या पाचही सर्व्हरना पाळीपाळीने वाटायचा. आता ज्याच्या हातात सगळ्यात कमी काम, पुढची मागणी त्याला. आमचे गावचे गुरुजी फळा पुसायला रिकामा दिसेल त्यालाच उठवत. तेच तत्त्व. कॉलेज लागत नाही याला.

७ मे
अडकलेल्या प्रोसेस, म्हणजे सर्व्हरवरची अर्धवट राहिलेली कामं, मारल्या. नऊ. तिकीट अर्धवट धरून बसतात आणि जागा अडवतात. प्रत्येक वेळी देवाचं नाव घेतलं. राग नव्हता.

११ मे
पाचवा सर्व्हर म्हणजे कमाल आहे! बाकी चौघांपुढे कायम दोन-चार मागण्या लोळत असतात, हा सदा रिकामा. मागणी आली की निकाल, आली की निकाल. सगळ्यात जुना हाच, माझ्याबरोबरच या खोलीत आला. आमच्या वेळचं पाणीच वेगळं. फडक्याने पुसून काढला.
मेहुण्याचा फोन. म्हणाला, भाऊजी, दर दुसऱ्या माणसाला स्क्रीनवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतंय. म्हटलं, मग कर की.

१२ मे, ११.३०
खिडकी सहाची काच फुटली. एका आजोबांनी काठी घातली म्हणे. त्या वयात एवढा संताप बरा नव्हे.
दोष सुस्त चौघांचा. त्यांच्या एकतीस प्रोसेस मारल्या. शेवटच्या दहांच्या वेळी देवाचं नाव घ्यायचं राहिलं. थोडा राग आला होता. सोडला.

१२ मे, ३.४०
मेहुणा पुन्हा फोनवर. चार वेळा परत पाठवलेल्या बाईने त्याच्याच टेबलावरचा स्टेपलर उचलून त्याच्या कपाळावर मारला. म्हणाला, भाऊजी, माझं रक्त येतंय हो, खाली येऊन बघा तरी. शांत राहायला सांगितलं. मी खाली गेलो तर मशीनकडे कोण बघणार?

१३ मे, १०.०५
निर्णय घेतला. कामचुकारांना पोसायचं नाही. चारही सर्व्हर बंद. एकेक पंखा थांबत गेला तसं मनाला फार बरं वाटलं. सगळा भार आता पाचव्यावर. त्याच्यापुढे एकही मागणी शिल्लक नाही! डोळे भरून आले.

१३ मे, १०.२०
खाली आरडाओरडा. कौतुकाचा असावा.

१३ मे, संध्याकाळी
कौतुकाचा नव्हता. बाकं फेकली, जाळ्या उपटल्या. दोन शिपायांना तुडवलं. मेहुण्याचा उजवा हात मोडला. साहेबांचा शर्ट खांद्यापासून फाटलेला. तशाच अवस्थेत वर आले आणि पाचव्याचा स्क्रीन उघडून मला दाखवला. त्याची डिस्क अकरा तारखेपासून भरलेली, नवं काही लिहायला जागाच नाही. तेव्हापासून एकही तिकीट त्याने काढलेलं नाही. आलेली मागणी क्षणात परत फेकायचा, म्हणून रिकामा. रिकामा, म्हणून पुढची मागणीही त्यालाच. बाकी चौघे बिचारे खरी तिकिटं काढत होते, आणि मी मारल्या त्या प्रोसेस त्यांच्याच.
साहेब म्हणाले, अहो, नुसतं नाही म्हणणाऱ्याला तुम्ही कामसू समजलात?
मी म्हटलं, साहेब, निदान त्याने कुणाला ताटकळत ठेवलं नाही.
त्यांनी कीबोर्ड भिंतीवर फेकला. मी वाकलो म्हणून वाचलो.
घरी बायको चिडलेली. भाऊ तिचा आहे. ताट आपटून गेली.

१ जून, सकाळी ८.४५
खिडकी तीन. माझ्या जागी वर मेहुणा, प्लास्टरसकट. एका हाताने जमतं म्हणे ते काम.
मला काही वाईट वाटलेलं नाही. इथेही शिस्त आणून दाखवीन. संकल्प: कुणालाही ताटकळत ठेवायचं नाही.

१ जून, ११.५०
उत्तम चाललं आहे. फॉर्मवर खाडाखोड, उद्या या. ओळखपत्रावरचा फोटो जुना, उद्या या. सही तिरकी, उद्या या. माणशी दहा सेकंद. शेजारच्या खिडक्यांपुढे वीस-वीस माणसं, माझ्यापुढे एखाद-दुसरा. हे पाहून सगळा हॉल माझ्याकडेच वळतो आहे.
मेहुण्याचा वरून फोन. म्हणाला, भाऊजी, तुमच्या खिडकीतून सकाळपासून एकही मागणी मशीनपर्यंत आलेली नाही. म्हटलं, येईल कशी, आधी कागद नको का बघायला?

१ जून, १२.१५
एकाने जाळीतून हात घालून कॉलर धरली. तिसऱ्यांदा आलो म्हणत होता. नाक जाळीवर आपटलं, दोनदा. चष्मा गेला. एका हाताने रुमाल धरून दुसऱ्याने लिहितो आहे.
नीट दिसत नाही, पण लोक अजून इकडेच धावताहेत. रांग माझीच सगळ्यात लहान.