रिबकाबाईंची कबर

दार्सैत, मस्कत, मार्च १९९७

जमिला, सलाम. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. माझा गुडघा आता बरा आहे.

आमच्या ऑफिसात पाण्याच्या कामासाठी इस्राएलचे चौघे आले. एक रशियातला, एक येमेनी, एक इथिओपियाचा. चहा देताना मी पुटपुटलो, "एका देशाची माणसं, पण किती तऱ्हेची!"

चौथा हसून मराठीत म्हणाला, "चाचा, एक कोकणातलापण आहे."

आपल्या शेजारच्या, तेलाच्या घाणेवाल्या यहुदी रिबकाबाईंचा मुलगा, शालोम!

"आईची कबर कोण बघतं?" त्याने विचारलं.

"आमची जमिला दर शुक्रवारी झाडते," मी बोलून गेलो. त्याने माझे दोन्ही हात धरले. मे महिन्यात तो गावी येतोय.

तिथे काटे माजलेत का गं? या शुक्रवारपासून जात जा, म्हणजे मी खोटा ठरणार नाही. गेलीस की लगेच दोन ओळी पाठव.

तुझा भाई,
जहूर