शंभरातले त्र्याऐंशी डाव

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, वजनमापे खात्यातील निवृत्त निरीक्षक, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. चिडलेली मात्र आहे, आणि ते आजचे नाही.

१. राहता फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला आहे. तो माझे यजमान यांना मिळावा, त्यांच्यानंतर आमच्या मुलीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो. दुरुस्त केला असे यजमान सांगतील, स्वतः पाहावे.

२. बँकेतील ठेवी मुलीला.

३. पितळी वजनांची पेटी व तपासणीचा तराजू भाचीला. ती शाळेत विज्ञान शिकवते. वजनांना कोणालाही उघड्या बोटांनी हात लावू देऊ नये.

४. चौदा वह्या. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

बावीस वर्षे दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पोकर चाले. मी, यजमान, छापखाना चालवणारे धाकटे दीर आणि शेजारचे दंतवैद्य. पैशांऐवजी शर्टाची बटणे. मी प्रत्येकाच्या डावांची नोंद ठेवली: शंभरात किती वेळा खेळतो, किती वेळा पॅक करतो म्हणजे पाने टाकून देतो, हातात काही नसताना किती वेळा थाप मारतो. दीर थाप मारताना आवाज चढवतात. दंतवैद्यांना चांगली पाने आली की ते चष्मा पुसतात. एवढे ठाऊक असून वर्षाअखेर मी तिसरी. दीर जांभया देत पहिले.

कुठे चुकते ते शोधायला सहा वर्षांपूर्वी सगळ्या वह्या पुन्हा तपासल्या. यजमान इतरांपुढे शंभरात एक्केचाळीस वेळा पॅक करत. माझ्यापुढे त्र्याऐंशी वेळा.

विचारले, "तुम्ही मुद्दाम हरत होता?"

वर्तमानपत्राची घडी घालत ते म्हणाले, "तू हरलीस की बुधवारपर्यंत वह्यांत डोकं घालून बसायचीस. घरात कुणाशी बोलणं नाही. मग मी टाकायचो पानं."

"बावीस वर्षं?"

"सुरुवातीची दोन-तीन सोड."

म्हणजे तिसरा क्रमांकसुद्धा माझा नव्हता. नोकरीभर दुकानदारांची खोटी वजने जप्त केली, आणि माझ्याच घरात पारड्यावर ठेवलेले बोट मला दिसले नाही. त्या दिवसापासून मी पत्त्यांना हात लावला नाही. डाव मोडला. यजमान रविवारी दुपारी खिडकीशी बसून राहतात. ते पाहून मला आणखी चीड येते. "चल, बसू," असे ते एकदाही म्हणाले नाहीत. मीही नाही.

सदर वह्या रद्दीत द्याव्यात. त्यातला एकही आकडा भरवशाचा नाही.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून दीर व दंतवैद्य यांना काही ठेवलेले नाही. तसेही ठेवणार नव्हते.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च, रविवार
सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: १. धाकटे दीर २. शेजारचे दंतवैद्य

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी चार वाजता

सह्या झाल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, चौघं बसलोच आहोत, तर एक डाव होऊन जाऊ दे." पत्ते ते खिशात घालूनच आले होते.

मी यजमानांना बजावले, "उगाच पानं टाकलीत, तर फ्लॅट थेट मुलीच्या नावे करीन."

माझ्याकडे तीन गुलाम होते. मी सगळी बटणे पुढे सरकवली. यजमान बराच वेळ पानांकडे पाहत राहिले. एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी पाने उलटी केली: तीन राण्या. बटणे दोन्ही हातांनी ओढून घेतली. वर हसलेसुद्धा.

कलम १ कायम. कलम ४ तूर्त स्थगित, कारण एका डावावरून काहीही सिद्ध होत नाही. दीर व दंतवैद्य यांनी पुढच्या रविवारी तीनच्या ठोक्याला यावे. येताना दिरांनी छापखान्यातून एक कोरी वही आणावी.

पुरवणीवर पुन्हा सह्या: वरीलप्रमाणे