तुझं नाव मी काढलं

लकडगंज, नागपूर
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय शाहिस्ता,

तुझ्या अम्मींना सलाम. त्यांचा गुडघा आता कसा आहे? आई विचारत असते. मी ठीक आहे, असं लिहिण्याची पद्धत आहे. पण परिसंवादाला चार दिवस झाले, जेवता जेवता उठते, पुस्तक उघडून तसंच मिटते. तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून हे पत्र.

आपला निबंध तिथे गाजला. हलाल बाजारावरचं संशोधन किती वाढलं, ते दाखवणारे माझे तक्ते पाहून लोकांनी माना डोलावल्या. वीस वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधांची यादी एका पानात मावते, अलीकडच्या एकेका वर्षाला पानं पुरत नाहीत, आणि त्यातलंही बरंचसं मलेशिया-इंडोनेशियाचं. पण सभागृह जागं झालं ते तू मोमीनपुऱ्यातल्या साठ घरी जाऊन घेतलेल्या मुलाखतींनी. एक बाई तुला म्हणाली होती ना, "पाकिटावरचा ठप्पा कोण पाहते? आम्ही दुकानदाराले ओळखतो." ते वाक्य मी वाचलं आणि मागच्या रांगेतलेसुद्धा लिहून घ्यायला लागले.

मग चारुशीला मॅडम उठल्या. बाहेरच्या विद्यापीठातून आल्या होत्या. त्यांनी साधंच विचारलं, ही बाई बोलली तेव्हा तिच्यासमोर कुठलं सामान होतं?

मला माहीत नव्हतं. त्या साठ घरांपैकी एकाही घराची पायरी मी चढले नव्हते. मी म्हणाले, "बिस्किटं आणि साबण." त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

निबंधावरून तुझं नाव गाइड सरांनी काढलं, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं आहे. सरांनी दोन्ही नावांसकट फाईल परत पाठवली होती. नाव मी काढलं. मला वाटलं, या विषयावर तुझं नाव दिसलं की लोक म्हणतील, आपल्याच लोकांबद्दल लिहिलंय. माझ्या एकटीच्या नावानं निबंध निःपक्षपाती दिसेल. हे मला कुणी शिकवलं नाही. आठ वर्षं एका डब्यातून जेवलो आपण, आणि हे माझं मलाच सुचलं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी वहीतली ओळ खोडली. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? छापणाऱ्यांना सांगा. आणि तिला."

त्याच दुपारी संपादकांना कळवलं. निबंध थांबलाय. सर भडकलेत, प्रबंध द्यायची माझी तारीख सहा महिने पुढे गेली. घरी दुर्गेशदादा म्हणाला, "काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला वं?" त्याला काय सांगू, तो धोंडा आधी दुसऱ्या कुणाच्या तरी पायावर पडला होता.

सोबत संपादकांचा फॉर्म आहे. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं. सही करावीशी वाटली तर कर. नाही केलीस तर निबंध छापला जाणार नाही. मुलाखती तुझ्याच आहेत, एकटीनं लिही. तक्ते लागले तर तेही घे. सही मागायला मी दारात येणार नाही.

या जागी 'तुझी' लिहायची सवय होती. आज हात धजत नाही.

मयुरा