सुनंदाची शहाण्णव पानं

११ ऑक्टो. २००८, शनिवार
कॉम्प्युटर बंद पडला. सकाळपासून काळ्या पडद्यावर इंग्रजी दोन ओळी, पुढे काही नाही. सूनबाई, म्हणजे सुनंदा (यापुढे सु. लिहीन, बोटं आखडतात), नुसती बघत बसलीय. मंडळाच्या दिवाळी अंकाची शहाण्णव पानं तिने महिनाभर घरी बसून टाइप केली, ती सगळी त्या डब्यात. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवली नाहीत. हाताने लिहिलेले कागद ज्याचे त्याला परत गेले. आणि गुरुवारी प्रेसला द्यायचंय. तिचं पहिलं मोठं काम. अंकात ‘अक्षरजुळणी’ म्हणून नाव छापणार आहेत, मला दोनदा दाखवून झालं कुठे ते. आमच्यात रेशन कार्ड सोडून कुणाचं नाव कधी छापून आलं नाही.
भोपळ्याची भाजी चांगली झालेली. कुणी जेवलं नाही.

१२, रविवार
नात सायली कॉलेजात कॉम्प्युटरच शिकते. म्हणाली, “आजी, दार उघडत नाहीये ना, तर कौलं काढून आत उतरायचं आणि सामान वर घ्यायचं.” म्हणजे काय, तर बोटाएवढा पेन ड्राइव्ह, त्यात दुसरी सिस्टीम, आणि मशीन त्याच्यावर चालू करायचं. सीडीचा ट्रे कधीच मोडलाय म्हणून हा खटाटोप. नया नगरच्या कॉम्प्युटर दुकानदाराने सिस्टीम भरून दिली. “आंटी को बोलो टेन्शन मत लो,” म्हणाला. आंटी म्हणजे सु. मग मी कोण?
मशीन चालू होताना एक बटण टकटक दाबायचं, की निळा पडदा येतो. ते काम मला दिलं! लसूण ठेचते तसं ठेचलं. “आजी, हळू, तुटेल!” पण आला निळा पडदा, मी आणला. त्यात सायलीने पेन ड्राइव्हचा नंबर पहिला लावला. परत चालू केलं. परत काळं. त्या यादीत पेन ड्राइव्हची दोन नावं आहेत म्हणे, दोन्ही लावून बघितली. नऊ वेळा बंद, नऊ वेळा चालू.
सु.ची कंबर गेली. मी पण थकले. पण दोघी दिवसभर माझ्याजवळ एका खोलीत, असं कधी होतं? लिहू नये, पण बरं वाटलं.

१३, सोमवार
आज सायलीची कॉलेजला दांडी. तेच बटण, तेच काळं. माझं बोट सुजलं.
दुपारी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. “वहिनी, कुठवर आलंय?” सु. म्हणाली, “थोडंच राहिलंय.” फोन ठेवला आणि बाथरूममध्ये गेली, नळ सोडून. नळाचा आवाज कशासाठी ते मला कळतं, मी पण सून होते.
सायलीने दुकानदाराला विचारलं. तो म्हणे, “पेन ड्राइव्ह की लाइट जलती है क्या?” नाही जळत. मग तिने पेन ड्राइव्ह लावायच्या पुढच्या भोकात बॅटरी मारून बघितलं. “आई, आत काहीतरी पिवळं-लाल आहे.”
मी उठून भांडी घासायला घेतली. रात्री जेवण गेलं नाही.

१४, मंगळवार
सकाळी सांगून टाकलं. दसऱ्याला विळी, पाटा, शिलाई मशीन सगळ्याला हळदकुंकू लावते, तर सु.चं काम ज्याच्यावर चालतं त्याला नको? डब्याला पुढून दोन भोकं दिसली, म्हटलं तोंड असेल, तिथेच ओली हळद लावली, वर कुंकू. जरा जास्तच.
वाटलं आता ऐकावं लागणार. सु. म्हणाली, “आई, नैवेद्य नाही ना भरवलात आत?” आणि हसायलाच लागली. मग डोळे पुसत बसली. हसून की कशाने कोण जाणे. सायली म्हणते, “मूळ बिघाड तुझ्यामुळे नाही आजी, आतली डिस्कच आजारी आहे.” खरं सांगते की माझ्यासाठी, देव जाणे.
पेन ड्राइव्ह डब्याच्या पाठीमागे लावला. लाइट जळली. मी बटण ठेचलं. पेन ड्राइव्हमधल्या सिस्टीमचा चॉकलेटी पडदा आला! आम्ही तिघी ओरडलो, समोरच्या गुजराती बेन काय झालं म्हणून दार वाजवून गेल्या, “शुं थयुं?”
पानं दिसली. पण उघडायला गेलं की डबा आतून टकटक वाजतो आणि सगळं थिजतं. सायली म्हणाली, “आता हात नको. थंड होऊ दे. उद्या एकदाच सगळी पानं पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊ, दुसरी संधी मिळेल असं नाही.”

१५, बुधवार
नऊ वाजता सुरू केलं. पडद्यावर पट्टी आहे एक, पानं उतरतात तशी ती भरत जाते. सायलीची परीक्षा, गेली. आमच्या नवघरात आज पाणी पण उशिरा आलं, बादल्या भरून दम लागलाय.
सु.ला म्हटलं, जरा पड, मी बसते. “पट्टी थांबली तर उठवा हं आई. बटणाला हात लावू नका.” चार दिवसांनी डोळा लागलाय तिचा.
अर्ध्याच्या वर गेली पट्टी.
पडद्यावर मधोमध चौकोन आलाय. इंग्रजीत काहीतरी विचारतंय, मला कुठलं कळायला. खाली दोन बटणं, एकावर तीन अक्षरं, एकावर दोन. पट्टी थांबली. डबा टकटक करतोय.
तोंड उघडं टाकून झोपलीय पोर. दोन मिनिटं झोपू दे.
टकटक थांबली, पट्टी तिथेच. उठवते.