आडवी दाढ आणि सतरा नंबरचे कार्ड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, अविवाहित, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नोकरीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीत आहे. उद्या सकाळी अकरा ते बारा नसेन, म्हणून आजच लिहिते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; उलट लिहू नकोस म्हणूनच घरातल्या सगळ्यांचा दबाव आहे.

कारण असे की माझी अक्कलदाढ जबड्यात आडवी उगवली आहे आणि ती पूर्ण भूल देऊन काढायची आहे. त्यासाठी दवाखान्याने दोन पानी संमतीपत्र दिले. आमच्या घरात आजवर सगळ्यांनी असले कागद न वाचता दिले, कारण वाचता येत नव्हते. वाचता येणारी मी पहिली, त्यामुळे घाबरणारीही पहिली. दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, "क्वचित प्रसंगी जिवास धोका" असे छापले आहे. मी ते घरी मोठ्याने वाचून दाखवले.

आई म्हणाली, "अगं, तुझ्या वेळी मीही असल्याच कागदावर अंगठा दिला होता. मला कुठे काय झालं?"

दादा म्हणाला, "अक्कल काढून घेतल्यावर हिच्याकडे उरणार काय? तेवढं आधीच वाटून टाकू दे तिला."

तरी वाटणी करते. माझा जीव खरा कलम पाचमध्ये अडकला आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी थेट तेच वाचावे.

कलम एक. घर. घर माझे नाही आणि आमचेही नाही. बाबा बांधकामांवर राखणदार आहेत. इमारत उभी राहीपर्यंत खोली मिळते, पूर्ण झाली की आम्ही पुढच्या खड्ड्याशेजारी जातो. अशा अकरा इमारती झाल्या. मी शाळा पाच वेळा बदलली आणि अपूर्णांक चार वेळा शिकले, कारण प्रत्येक शाळेत मी पोहोचायचे तेव्हा तेच चालू असायचे. भागाकार मात्र कुठल्याच शाळेत सापडला नाही. तो मी नंतर एकटीने शिकले. कामगारांची मुले शाळेमागे धावू शकत नाहीत, तर शाळाच त्यांच्या खिशात घालावी, ही कल्पना मला त्यातून सुचली. पहिलीपासून चौथीपर्यंतचे धडे मी माझ्या आवाजात बोलून मेमरी कार्डांवर भरले. कार्ड छोट्या स्पीकरमध्ये घालायचे आणि ऐकायचे. बिऱ्हाड हलले की शाळाही हलते.

कलम दोन. लाकडी कपाट आईस. बाहेर काँक्रीटचा आवाज असतो, म्हणून धडे बोलताना मी पांघरुणे घेऊन त्या कपाटात बसत असे. आईने तीन वर्षे स्वतःचे कपडे दोरीवर ठेवले आणि कपाटाच्या दारावर टकटक करून "बाई, जेवायला या" म्हणत राहिली. ते वाक्य तिसरीच्या धडा नऊमध्ये ऐकू येते. तो भाग काढू नये.

कलम तीन. एक नंबरचा स्पीकर बाबांस. फेऱ्या मारताना ते धडे ऐकतात व आपण चौथी पास आहोत असे लोकांना सांगतात. मी परीक्षा घ्यायला बसले की त्यांना झोप येते. माझ्या पश्चात कोणीतरी परीक्षा घ्यावी, शक्यतो सकाळी.

कलम चार. तक्रारी. (अ) एका संस्थेने समारंभ करून आमच्या मुलांना चाळीस टॅबलेट दिले. त्यांना दर आठवड्याला इंटरनेट लागे आणि इमारतीत अजून जिनाही नव्हता. महिन्याभरात ते सगळे बंद पडले. एक सध्या पाण्याच्या पिंपावर झाकण आहे; उरलेले एकोणचाळीस मी पुसून, मोजून पेटीत ठेवले आहेत. ते संस्थेस परत द्यावेत. पिंपावरचा मागू नये, तो उपयोगात आहे. (ब) दुकानाच्या मालकांनी कार्डांच्या प्रती काढू दिल्या, त्याबद्दल आभार. परंतु प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला त्यांनी मला न विचारता स्वतःची जाहिरात घातली. परिणामी तेरा मुले आजही कविता म्हणण्यापूर्वी हात जोडून "स्क्रीन फुटली? घाबरू नका!" असे म्हणतात. मालकांना मी क्षमा करते, पण मेल्यानंतर. तोवर नाही.

कलम पाच. हे महत्त्वाचे.

सातचा पाढा बोलत असताना बाहेर सिमेंटचा ट्रक मागे येऊ लागला. मी थांबले आणि राहिलेला पाढा पुन्हा बोलले. तेव्हा माझा डोळा शेजारच्या सहाच्या पाढ्यावर गेला, आणि "सहा नव्वे"चे चोपन्न मी सातच्या पाढ्यात आणून ठेवले. सात आठे चोपन्न. स्वच्छ, खणखणीत आवाजात. कार्ड भरण्यापूर्वी आईबाबांनी तो पाढा तीनदा ऐकला आणि तीनदा "वा!" म्हणाले. माझी चूक पकडेल असे माझ्या घरात कोणी नाही, हे मला माहीत होते. म्हणून मी प्रत्येक धडा सात वेळा तपासते. हा सहाच वेळा तपासला होता.

त्रेसष्ट कार्डे गेली होती. चार महिने हिंडून मी बासष्ट दुरुस्त केली. दादा म्हणाला, "मास्तरीण, दोनाचा तर फरक. जग काही बुडत नाही." मी त्याच्याशी नऊ दिवस बोलले नाही. ज्या मुलांकडे दुसरे पुस्तक नाही आणि दुसरी बाई नाही, त्यांना मी जे सांगितले तेच खरे. ती उद्या याच चोपन्नावर मजुरी मोजतील.

राहिले आहे सतरा नंबरचे कार्ड. ते फरशी बसवणाऱ्याच्या कुटुंबाकडे आहे. त्यांची मुलगी दहा वर्षांची. तिला सगळे "कशावरून" म्हणतात, कारण ती दुसरे काही विचारत नाही. पृथ्वी गोल आहे असे मी सांगितले तेव्हा तिने हाच प्रश्न केला होता आणि मी "आधी पाठ कर, शंका मग" असे म्हणाले होते. त्याचीही येथे माफी मागते. ते कुटुंब कोणत्या कामावर गेले याचा पत्ता नाही, फोन लागत नाही. तरी माझ्या पश्चात दादाने, तो सिमेंटचा ट्रक घेऊन साऱ्या बांधकामांवर जातच असल्याने, ते कार्ड शोधून दुरुस्त करावे. तो हसेल. तरी करावे.

येथपर्यंत लिहिले असता दादाचा फोन आला. संभाषण विषयाशी संबंधित असल्याने जसेच्या तसे लिहिते.

"मास्तरीण, मेलीस का?"

"उद्या."

"मग आज हे घे. सापडलं तुझं सतरा नंबर. चार महिने ज्या कामावर गेलो तिथे विचारत होतो. लोक म्हणायला लागले, ह्याचं कोणावर तरी कर्ज आहे. घे, बोल तिच्याशी."

"बाई, मी कशावरून बोलतेय."

मी म्हटले, "बाळा, सातचा पाढा म्हण."

तिने म्हटला. सात सत्ते एकोणपन्नास. सात आठे छप्पन्न.

"कार्डावर आहे तसा म्हण."

"कार्डावर चुकलंय, बाई. बाबांना सात-सातच्या आठ ओळी लावायच्या होत्या. त्यांनी मला विचारलं, मी चोपन्न सांगितलं. दोन फरश्या कमी पडल्या. बाबा दुकानदाराशी भांडायला निघाले. मी म्हटलं थांबा, मोजते. मोजल्या. मग एकोणपन्नासात सात मिळवून पाहिले. छप्पन्नच. बाबा म्हणाले, कार्डातल्या बाई कशा चुकतील, त्या शिकलेल्या आहेत."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, कशावरून?"

मी कलम पाचच्या समासात छप्पन्न लिहून खाली दोनदा रेघ ओढली. बाकावर शेजारी बसलेल्या आईने माझ्या हातून फोन घेतला आणि "दाढ दुखतेय तिची" असे तिला सांगितले. हे खरे नव्हते, नोंद असावी.

फोन परत घेऊन मी विचारले, "इतर मुलांचं काय?"

"इथे सहा जण आहेत. कार्ड मला पुसता येत नाही. म्हणून सात सत्ते झालं की मी बटण दाबून आवाज बंद करते, स्वतः सात आठे छप्पन्न म्हणते आणि आवाज परत चालू करते. लहान पोरं आता तसंच म्हणतात. सात सत्ते एकोणपन्नास, टक, सात आठे छप्पन्न, टक."

"शाब्बास. उद्या दादा तुला नवीन कार्ड देईल."

"बाई, नुसता पाढा बदलून काय होणार? आणखी तीन चुका आहेत ना."

"कुठे?"

"फोनवर नाही सांगत. तुम्ही या. पुराव्यासकट दाखवते. एक चौथीच्या भूगोलात आहे."

सबब कलम पाच रद्द. त्याऐवजी पुढीलप्रमाणे.

कलम सहा. माझा माइक, ध्वनिमुद्रणाचा फोन, त्रेसष्ट कार्डांची वही, आणि माझ्या आवाजातील प्रत्येक धडा थांबवून मध्ये बोलण्याचा पूर्ण हक्क मी "कशावरून" हिला देते. हक्क आजपासून लागू. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. ती सज्ञान होईपर्यंत फोन दादाकडे राहील आणि तो त्यावर खेळणार नाही.

कलम सात. चौथीच्या भूगोलात काय चुकले आहे हे कळल्याशिवाय मला मरता येणार नाही. तरी भुलीतून उठल्यास हे मृत्युपत्र रद्द न समजता पुढे ढकललेले समजावे. रविवारी दादाच्या ट्रकमधून मी त्या कामावर जाणार आहे. तोंड सुजलेले असेल, त्यामुळे बोलणार ती, आणि लिहून घेणार मी.

वरील सर्व मी लिहिले, सात वेळा तपासले, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: (राखणदाराची मुलगी)

साक्षीदार एक: किल्ल्या बनवणारा, दुकानाशेजारचा. "वाटणीत मला काहीच नाही, म्हणून साक्षीला घेतलं असं कळलं. हरकत नाही."

साक्षीदार दोन: दवाखान्यात नावे पुकारणाऱ्या बाई. "माझ्यासमोर सही केली. संमतीपत्र इतकं वाचणारी ही पहिलीच पेशंट."

दातांच्या डॉक्टरांचा दाखला: सदर मुलगी तपासली. पूर्ण शुद्धीत आहे. जरा जास्तच.

स्थळ: दवाखान्याची बाहेरची खोली, खिडकीजवळचे बाक.
दिनांक: बारा, गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.