स्लॅबवरचं ऊन

दवनीवाडा, मंगळवार, संध्याकाळ

आज मायवर फिटरसमोर ओरडलो. स्लॅबवरच्या नव्या सोलर पॅनेलवर तिनं कोहळ्याच्या वड्या वाळत घातल्या होत्या. "काऊन माय, एवढंही समजत नाही?"

ती अर्धओल्या वड्या पदरात वेचत म्हणाली, "ऊन तं सप्पा तुनंच घेतलं. मी वड्या कोठी टाकू?"

खरंच की. दर हिवाळ्यात ती त्याच स्लॅबवर वड्या घालते. पॅनेल बसवताना मी फिटरला विचारलं, बायकोला विचारलं. मायला?

आता वड्या तिच्या खाटेवर आहेत, पंख्याखाली. बटण दाबताना तिनं विचारलं, "आता लाइटचं बिल नाही येत ना?" मी म्हणालो, "नाही येत."

एवढ्या थंडीत पंखा फुल सुरू आहे, आणि माय घोंगडी पांघरून खाली चटईवर बसली आहे.